खुर्ची ओढ आणि शेजारी बस

अगं, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुझ्यापुढे एक्सेलची एक फाइल ठेवेल आणि म्हणेल, ‘या रिक्वायरमेंट्स. क्लायंटची सही झालीये. आता फक्त डिझाइनला द्यायच्या.’ फाइल नीटनेटकी असेल, ओळीओळीला क्रमांक असतील. तुला वाटेल, चला, काम सोपं झालं. तेव्हा तुझ्या ताईचं एवढं ऐक. फाइल घे, मनापासून वाच, आणि मग विचार, ‘हे काम रोज कोण करतं? मला त्यांच्याजवळ बसता येईल का?’

सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस म्हणून कॉलेजात तू जे शिकलीस त्यात खोटं काही नाही. आधी हे काम करणं परवडेल का, जमेल का ते तपासायचं. मग चालू पद्धतीचा अभ्यास, गरजांची नोंद, आराखडा, प्रोग्रॅम, चाचणी, वापर, देखभाल. परीक्षेत हे चौकोन एकाखाली एक काढून मध्ये बाण दिले की पूर्ण मार्क. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर तुला सांगते, त्यातला ‘चालू पद्धतीचा अभ्यास’ हा चौकोन चुकला तर पुढचं सगळं बरोबर करूनही हाती काही लागत नाही. आणि घाईत सगळे नेमका तोच उरकतात. म्हणून आज तुझ्याशी त्याच्याबद्दलच बोलायचंय.

आपल्या या कामाची सुरुवात कुठे झाली, माहितीये? चहाच्या दुकानांत. ब्रिटनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी म्हणून मोठी कंपनी होती. गावोगाव तिची चहाची दुकानं, शिवाय मोठमोठ्या बेकऱ्या. एका कप चहामागे, एका पावामागे सुटणारा नफा अगदी थोडा, आणि असे लाखो छोटे व्यवहार लिहून ठेवायला कारकुनांची फौज. तिथे केंब्रिजला गणित शिकलेले जॉन सिमन्स हे अधिकारी होते. १९३० च्या दशकात, संगणकाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं तेव्हा, त्या कंपनीत कार्यपद्धतींचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग होता. त्या माणसांचं काम हेच, की कुठला कागद कुठून निघतो, कुणाच्या टेबलावर थांबतो, कशासाठी थांबतो, आणि तो तिथे गेलाच नाही तर नक्की काय बिघडतं, हे शोधायचं.

१९४७ मध्ये त्यांचे दोन अधिकारी अमेरिकेला गेले आणि तिथली इलेक्ट्रॉनिक यंत्रं पाहून आले. आपल्याच देशात केंब्रिजला असं यंत्र तयार होतंय हे त्यांना तिकडे कळलं. परतल्यावर कंपनीनं केंब्रिजच्या त्या कामाला तीन हजार पौंडांची मदत केली आणि पुढे त्याच धर्तीवर स्वतःचं यंत्र बांधलं. त्याचं नाव लिओ. १९५१ मध्ये लिओवर बेकरीच्या मालाचं साप्ताहिक मूल्यांकन नियमित होऊ लागलं. जगात एखाद्या कचेरीचं नेहमीचं काम संगणकाकडे सोपवलं गेलं ते इथे पहिल्यांदा, असं मानतात. चहा-बिस्किटं विकणाऱ्यांना हे जमलं, कारण यंत्र आलं तेव्हा त्यांना स्वतःचं काम आधीच आतून-बाहेरून माहीत होतं.

या लिओच्या कामात डेव्हिड कॅमिनर होते. जगातले पहिले सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हणून पुष्कळदा त्यांचंच नाव घेतात. दुकानांच्या ऑर्डरींचं जे काम त्यांच्या गटानं लिओवर आणलं, ते मला फार आवडतं. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी उद्यासाठी किती पाव, किती केक हवेत याचा लांबलचक तक्ता रोज भरायचा, अशी रीत होती. नुसता तक्ता यंत्रावर चढवला असता तरी लोकांनी वाहवा केली असती. पण या मंडळींनी एक प्रश्न विचारला: रोज बदलतं काय? उत्तर मिळालं की बहुतेक माल ठरलेलाच असतो, बदल थोडा. मग त्यांनी प्रत्येक दुकानाची त्या-त्या वाराची नेहमीची ऑर्डर यंत्रासाठी तयार ठेवली. ठरलेल्या वेळी मुख्य कचेरीतून दुकानात फोन जायचा आणि बाई फक्त फरक सांगायच्या. हे दोन डझन जास्त, ते एक ट्रे कमी, एवढंच. फोनवरची मुलगी ऐकता ऐकता तेवढाच बदल कार्डावर उमटवायची, आणि लिओकडून कुठल्या दुकानाला काय पाठवायचं त्याच्या याद्या तयार व्हायच्या.

बघ, यात यंत्राची हुशारी किती आणि माणसांची किती? बाईंचा तक्ता भरण्याचा वेळ वाचला, पण उद्या पाऊस आहे, समोर जत्रा आहे, हे त्यांचं जाणतेपण मात्र कुणी काढून घेतलं नाही. उलट ते जिथे उपयोगी पडेल तिथे नेमकं वापरलं. चांगलं विश्लेषण म्हटलं की मला हेच आठवतं.

आता आपल्याकडे येऊ. समज, तुझ्याकडे एका पतसंस्थेचं काम आलं आणि त्यात पिग्मीचं मॉड्यूल करायचंय. पुण्या-कोल्हापूरकडे असं काम येण्याची शक्यता भरपूर. ही रोजच्या छोट्या बचतीची पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये उडुपीकडे सुरू केली, आणि आपल्या बाजारपेठांतही ती अशी रुजली की पिग्मी एजंटाशिवाय आठवड्याचा बाजार डोळ्यांसमोर येत नाही. तू मॅनेजरसाहेबांना भेटशील. ते प्रेमानं चहा देतील आणि सांगतील, ‘एजंट दुकानादुकानांतून रोज रक्कम गोळा करतो, पावती देतो, संध्याकाळी शाखेत भरणा करतो, आम्ही खात्यावर जमा करतो.’ झालं. एका वाक्यात सगळं. त्यावर तू अर्ध्या तासात सुंदर आकृती काढशील, आणि ती चुकलेली असेल.

साहेब खोटं बोलले नाहीत, हे लक्षात ठेव. त्यांनी नियम सांगितला. माणसं नेहमी आधी नियमच सांगतात. त्यात लपवाछपवी नसते. रोज हातून घडणारं काम इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

म्हणून साहेबांना विचारून एखाद्या एजंटाबरोबर बाजारात फीर. भाजीवाल्या मावशी म्हणतील, ‘आज धंदा नाही रे, उद्या दोन दिवसांचे घे.’ किराणा दुकानातले काका जागेवर नसतील. त्यांचा मुलगा गल्ल्यातून एकच नोट काढून देईल आणि म्हणेल, ‘बाबांचे, आईचे आणि माझे, तिघांचे मिळून.’ कुणी म्हणेल, पावती राहू दे, घाई आहे. एजंट हे सगळं खिशातल्या छोट्या वहीत स्वतःच्या खुणांनी लिहीत असेल. पावती देणारं मशीन त्याच्याकडे असलं तरी ती वही असतेच. आणि बाजाराच्या दिवशी शाखेत पोचेपर्यंत कॅश बंद झालेली असेल. मग ती रक्कम रात्रभर कुणाच्या जबाबदारीवर? खातेदाराच्या पावतीवर आजची तारीख, रोजकीर्दीत मात्र उद्याची. व्याज कुठल्या तारखेपासून धरायचं? त्या रात्री काही बरंवाईट झालं तर खातेदाराचे पैसे जमा मानायचे की नाही?

इथे तुला कळेल की दोन तारखा ठेवाव्या लागणार, एक रक्कम घेतल्याची आणि एक भरणा झाल्याची. एक्सेलच्या त्या फाइलीत तारखेचा रकाना एकच होता. एका रकान्याचा फरक वाटतो, पण पुढे व्याज, तेरीज, एजंटाचं कमिशन, ऑडिटरचे आक्षेप, सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. हा रकाना आता सापडला तर खोडरबराचं काम. सॉफ्टवेअर चालू होऊन वर्षाचा डेटा भरल्यावर सापडला तर कितीजणांच्या रात्री जातील, ते मी पाहिलंय.

म्हणून समोरच्याला ‘सांगा’ म्हणू नकोस, ‘दाखवा’ म्हण. ‘तुम्ही व्हाउचर कसं करता?’ असं विचारलंस तर नियम ऐकायला मिळेल. ‘आज सकाळचं एखादं व्हाउचर दाखवता का?’ म्हणालीस तर गोष्ट ऐकायला मिळेल. तसंच, कुणाकडेही कोरा फॉर्म मागू नकोस, भरलेला माग, नाव-पत्ते झाकून. कोऱ्या फॉर्मवर संस्थेला काय हवं होतं ते दिसतं, भरलेल्यावर काय होतं ते. समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असेल, एक रकाना सगळ्यांनीच रिकामा सोडलेला असेल, ‘शेरा’मध्ये तीच ती तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येत असतील. त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारायला लाजू नकोस. बहुतेक वेळा तिथे एखादा न लिहिलेला नियम बसलेला असतो.

आणि नेहमीचा दिवस समजून घेऊन उठू नकोस. मार्चअखेरीस काय होतं? सही करणारे साहेब रजेवर असले तर कागद थांबतो की कुणी दुसरं सही करतं? रक्कम चुकीच्या खात्यावर पडली तर ती कशी फिरवता, आणि ते कुणाला कळवता? लाइट गेली तर? खातेदार वारला तर? यातला प्रत्येक प्रश्न क्वचितच्या गोष्टीबद्दल वाटतो. पण माणसांचा वेळ खातात ती ही क्वचितचीच कामं. सरळ मार्गाचं काम तर कसंही होतं.

आकृत्यांबद्दल थोडं सांगते, कारण त्यांची तुला भीती वाटते असं तू म्हणाली होतीस. माहितीच्या प्रवाहाची आकृती टॉम डिमार्को वगैरे मंडळींनी १९७० च्या दशकाच्या शेवटी रुळवली, आणि कोणत्या गोष्टीचं कोणत्या गोष्टीशी काय नातं ते दाखवणारी आकृती पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली. दोन्ही आजही चालतात. सॉफ्टवेअरनं काढलेली गुळगुळीत आकृती नंतर कर. आधी कागदावर पेन्सिलीनं काढ आणि कॅशियरबाईंसमोर ठेव. पेन्सिलीनं काढलेलं बघून माणसं ‘हे असं नाही हो’ म्हणायला धजावतात. छापील बघितलं की मान डोलावतात.

आकृती काढताना दोन गोष्टी तपास. एक, प्रत्येक कामातून जे बाहेर पडतं ते आत आलेल्या माहितीतून निघतं का? एजंटाचं कमिशन काढायचंय आणि मुदतीआधी बंद झालेल्या खात्यांचं वळतं करायचंय, तर खातं कधी बंद झालं ही माहिती त्या कामापर्यंत कोण पोचवतं? बाण नसेल तर तिथे कुणीतरी फोन करून विचारतंय असं समज, आणि तो माणूस शोध. दुसरं, जिथे माहिती साठते तिथून ती कुणी वाचतं का? मोठ्या कचेऱ्यांमध्ये अशी रजिस्टरं असतात की ती वर्षानुवर्षं भरली जातात आणि उघडून पाहणारं कुणी नसतं. ती सॉफ्टवेअरमध्ये आणायची नसतात. पण काढून टाकायच्या आधी एकदा विचार, सहकार खात्याला किंवा ऑडिटला तर ती लागत नाहीत ना.

नात्याच्या आकृतीत एक छोटा प्रश्न फार कामाचा असतो: ‘एकाला एकच की अनेक?’ एका खात्याला एकच एजंट असतो का? साहेब म्हणतील, हो. मग विचार, एजंट सोडून गेला की? खातं दुसऱ्याकडे जातं. मग जुन्या एजंटाच्या काळातली वसुली कुणाच्या नावावर दिसली पाहिजे? एवढ्या प्रश्नावर शाखेत अर्धा तास वाद होईल. होऊ दे, तू शांतपणे लिहून घे. तो वाद पुढे कधीतरी होणारच होता. आत्ता झाला तर स्वस्तात मिटेल.

आजकाल तुम्ही स्प्रिंटमध्ये काम करता, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं दाखवता. मला ते पटतं. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी ज्या निबंधात पायऱ्यापायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती दिली, त्यातच त्यांनी लिहिलं होतं की एकदाच वरून खाली उतरत जाणं धोक्याचं आहे. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला. २००१ मध्ये अजाइलचा जाहीरनामा आला तो अशा कामाला कंटाळलेल्या माणसांकडून. पण दर पंधरवड्याला साहेबांनाच स्क्रीन दाखवत राहिलीस तर तीच चूक छोट्या छोट्या हप्त्यांत होईल. कॅशियरबाई त्या बैठकीत आहेत का, ते बघ.

आता एक गोष्ट मन लावून ऐक, कारण हे काम हलक्यानं घेतलं तर काय होतं ते तिच्यात आहे. लंडनची रुग्णवाहिका सेवा. सहाशे चौरस मैलांहून थोडा जास्त परिसर आणि जवळपास अडुसष्ट लाख वस्ती. १९९२ पर्यंत तिथे सगळं कागदावर चालायचं. फोन आला की घेणारा फॉर्म भरायचा, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधायचा, फॉर्म सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायचा. पुढे बसलेला माणूस बघायचा, की एकाच अपघाताबद्दल दोघांनी फोन केलाय का. मग तो फॉर्म शहराच्या त्या भागाच्या टेबलावर. तिथला माणूस ठरवायचा कुठली गाडी पाठवायची. हे तीन मिनिटांत व्हायला हवं अशी अपेक्षा होती. पद्धत संथ होती, कागद हरवायचे, तक्रारी खऱ्या होत्या. बदल हवाच होता.

ठरलं असं, की नव्या व्यवस्थेत संगणकानंच जवळची गाडी शोधायची आणि तिला पाठवायचं. गरजांचा दस्तऐवज बनला. नंतरच्या चौकशी अहवालात म्हटलंय की तो अतिशय तपशीलवार होता. सगळं लिहिलेलं होतं! पण तो तयार करताना रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचा सहभाग जवळजवळ नव्हता. वेळापत्रक अतिशय आवळलेलं होतं, आणि कंत्राट देताना कमी किमतीला फार महत्त्व दिलं गेलं.

हा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता: प्रत्येक गाडी या क्षणी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, हे संगणकाला नेहमी अचूक माहीत असेल. आता तू गाडीवरच्या माणसाच्या जागी बस. समोर जखमी माणूस आहे, नातेवाईक ओरडतायत, आणि तुला ‘पोचलो’चं बटण, मग ‘निघालो’चं बटण क्रमानं दाबायचंय. कधी दाबलं जातं, कधी उशिरा, कधी चुकीचं. काही भागांत रेडिओचा संदेशच पोचत नाही. कधी नेमून दिलेल्या गाडीऐवजी शेजारची गाडी नेली जाते. जुन्या पद्धतीत या चुका टेबलावरची माणसं रेडिओवर बोलून, आवाज ओळखून भरून काढायची. गरजांच्या दस्तऐवजात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण ते काम आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

२६ ऑक्टोबर १९९२ ला नवी व्यवस्था संपूर्ण लंडनसाठी एकदम सुरू झाली. त्याच वेळी नियंत्रण कक्षाची मांडणीही बदलली, भागवार टेबलं गेली, आणि आपापला भाग ओळखणारी माणसं अनोळखी भागांच्या गाड्या हलवू लागली. जसजसे फोन वाढले तसतशी संगणकाकडची माहिती खऱ्या परिस्थितीपासून दूर जात गेली. एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, जवळची सोडून लांबची निघू लागली. अपवादाचे संदेश पडद्यावर इतके साचले की जुने वर सरकून नजरेआड गेले. गाडी आली नाही म्हणून माणसं पुन्हा पुन्हा फोन करू लागली, आणि त्या फोनांनी कोंडी आणखी वाढली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धवट हाताच्या पद्धतीकडे परत यावं लागलं. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर सगळंच थांबलं. प्रोग्रॅममध्ये राहून गेलेला एक तुकडा प्रत्येक वेळी थोडी मेमरी अडवून ठेवत होता, ती संपली. पर्यायी सर्व्हरवर काम सरकायला हवं होतं, तेही झालं नाही. मुख्य अधिकाऱ्यांनी तर त्याआधीच राजीनामा दिला होता.

पुष्कळ लोक ही गोष्ट सांगताना त्या मेमरीच्या चुकीवर बोट ठेवतात. मला ते पटत नाही. ती चूक एका दुपारी दुरुस्त झाली असती. २६ तारखेला मात्र प्रोग्रॅम बंद पडला नव्हता. तो सांगितलेलं काम करत होता. चुकलेलं होतं ते गृहीत, आणि ते गृहीत चुकीचं आहे हे कुठल्याही रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं पाच मिनिटांत सांगितलं असतं. त्याला विचारायला हवं होतं.

पुढे त्याच सेवेनं सावकाश, कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन दुसरी व्यवस्था उभी केली. १९९६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा आधी फक्त फोन घेण्याचा भाग संगणकावर आणला, गाडी कुठली पाठवायची हे माणसांकडेच ठेवलं. ती व्यवस्था टिकली. शहर तेच होतं, सेवाही तीच.

आता जरा नाजूक विषय. तू शेजारी बसलीस की कधीतरी कुणीतरी हळूच विचारेल, ‘मॅडम, हे आलं की आमचं काय?’ तेव्हा ‘काळजी करू नका’ असं पटकन म्हणून मोकळी होऊ नकोस. तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, आणि तो प्रश्न वर नेऊन विचार. खोटा धीर दिलास तर ती माणसं तुला पुन्हा काही दाखवणार नाहीत, आणि का दाखवावं? मँचेस्टर बिझनेस स्कूलच्या एनिड ममफर्ड यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून काम केलं. ज्यांचं काम बदलणार आहे त्यांनी ते कसं बदलावं हे ठरवण्यात भाग घेतला पाहिजे, यावर त्यांनी एक संपूर्ण कार्यपद्धती उभी केली. लँकेस्टरचे पीटर चेकलंड तर म्हणायचे, आधी परिस्थितीचं चित्रच काढा, आणि त्यात कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला कशाची धास्ती आहे तेही दाखवा. तू तुझ्या खासगी वहीत असं चित्र जरूर काढ. फक्त ते क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये घालू नकोस बरं!

आणखी एक. प्रश्न नीट पाहिलास की कधी कधी असं उत्तर येईल, की इथे संगणक कमी हवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा परिसरात १९९८ मध्ये मोठ्या उमेदीनं सत्तरेक गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्यांना गावातच शेतीची, बाजाराची, जगभरची माहिती मिळावी हा हेतू होता, आणि हेतू उत्तमच होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या गटानं तिथे जाऊन पाहिलं, की केंद्रांवर प्रत्यक्षात चालतं काय. ऊस किती गेला, खत किती उचललं, अशी साखर कारखान्याशी असलेली देवघेव, मुख्यतः एवढंच. त्यासाठी गावोगाव संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती सांभाळायची गरज नव्हती. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि तेच काम भागलं. मला या प्रयोगातल्या तंत्रापेक्षा, कुणीतरी केंद्रात बसून दिवसभर काय होतं ते बघितलं, याचं मोल वाटतं. तुलाही अशी वेळ आली तर ‘हा भाग नको’ म्हणायला कचरू नकोस. तुझ्या कंपनीचं बिल थोडं कमी होईल, पण त्या संस्थेचे पैसे खातेदारांचे असतात.

गरजांचा दस्तऐवज इंग्रजीत लिहावा लागेल, ते ठीक. पण सही घेण्याआधी त्यातला प्रत्येक नियम मराठीत मोठ्यानं वाचून दाखव, ज्यांना तो पाळायचाय त्यांना. ‘खातेदारानं लागोपाठ तीन महिने रक्कम दिली नाही तर खातं आपोआप निष्क्रिय होईल’ असं ऐकलं की कुणीतरी ताडकन म्हणेल, ‘अहो, पावसाळ्यात आमचे निम्मे खातेदार गप्पच असतात!’ इंग्रजी पानावर हाच नियम त्यांनी तीनदा पाहून सही केली असती. हे वाचन कुठल्याही प्लॅनमध्ये नसतं, तू वेळ मागून घे. प्रोजेक्ट मॅनेजर कुरकुर करेल. करू दे.

आणि काम चालू झालं, केक कापला, फोटो निघाले, की महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा एकदा तिथे जा, कुणी बोलावलं नसलं तरी. एखाद्या टेबलाच्या खणात एक वही निघेल. हातानं आखलेली, रोज भरलेली. रागवू नकोस आणि साहेबांना सांगूही नकोस. त्या बाईंना विचार, ‘यात काय लिहिता?’ त्या म्हणतील, ‘काही नाही हो, कोण सुट्टे पैसे देऊन बाकी ठेवून गेलं, तेवढंच. तुमच्या स्क्रीनवर त्याला जागा नाहीये.’ ती जागा कुठे करायची, ते त्यांच्याच शेजारी बसून ठरव आणि पुढच्या आवृत्तीत घाल.